किण्व, गुत्ता आणि किट : घरात आंबवण्याचा इतिहास

(सोयगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



बाहेरच्या फलकावर विषय वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता बिअरवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो. मी इथे मद्यपानाची बाजू घ्यायला उभा नाही आणि दारूबंदीचं प्रवचन करायलाही नाही. मला बोलायचं आहे ते एका ज्ञानाबद्दल. धान्य, फळ किंवा फूल आंबवून पेय तयार करणं हे एके काळी घरातलं ज्ञान होतं. ते घराबाहेर कसं गेलं, कोणी नेलं, आणि आज तेच डब्यात भरून 'किट' म्हणून परत घरी कसं येतं, हा आजचा विषय.

आधी किट म्हणजे काय ते पाहू. इंग्लंडात लीड्सला माझा एक जुना विद्यार्थी राहतो. हिवाळ्याच्या लांब संध्याकाळी काय करायचं म्हणून त्याने घरी बिअर करायचं किट आणलं. तिथे ते कायदेशीर आहे आणि दुकानात सहज मिळतं. त्याने पहिल्या तीन खेपांची वही मला पाठवली. विद्यार्थी माझा, त्यामुळे वहीत साखरेच्या वजनापेक्षा प्रश्न जास्त!

किटमध्ये काय असतं? काकवीसारखा दाट, काळपट अर्क असतो. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भरडून गरम पाण्यात ठेवायचे, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी आटवलं की झाला माल्टचा अर्क. त्यात हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा आधीच उतरवलेला असतो. साधारण दीड-पावणेदोन किलोचा डबा, सोबत वाळवलेल्या यीस्टची पुडी. घरी फक्त अर्क गरम पाण्यात विरघळवायचा, लागेल तशी साखर घालायची, पाणी घालून २०–२३ लिटर करायचं, कोमट झालं की यीस्ट टाकायचं आणि झाकण लावायचं. झाकणाला पाण्याची एक वाकडी नळी असते. आतला वायू बुडबुड करत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही.

ऐकायला पोरखेळ वाटतो. पण पहिली खेप नीट लागली नाही. जानेवारीचा महिना, स्वयंपाकघर थंडगार. दोन दिवस झाले तरी बुडबुडा नाही. यीस्टला साधारण १८ ते २४ अंश लागतात. त्याने पिंपाला घोंगडी गुंडाळली, तेव्हा चौथ्या दिवशी काम सुरू झालं. आपल्याकडे अडचण उलटी आली असती. सोयगावच्या मे महिन्यात यीस्ट इतकं धावतं की पेयाला उग्र वास मारतो.

दुसरी खेप आंबट झाली. ढवळायचा चमचा धुतलेला होता, पण निर्जंतुक केलेला नव्हता. 'धुतलेलं' आणि 'जंतू नसलेलं' यांत फरक आहे हे त्याला पुस्तकाने सांगितलं होतं, पण शिकवलं ते त्या चमच्याने.

तिसरी खेप चवीला चांगली होती, पण अर्ध्या बाटल्या कपाटात फुटल्या. कारण घाई. सातव्या दिवशी बुडबुडे थांबले म्हणून त्याने बाटल्या भरल्या. खरं तर हायड्रोमीटर नावाची काचेची नळी पेयात तरंगवून घनता मोजायची असते. सुरुवातीला ती साधारण १.०४० असते, साखर संपत गेली की १.०१०च्या आसपास येते. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही, तर समजायचं आंबणं संपलं. याने मोजलंच नाही. उरलेली साखर बाटलीत आंबत राहिली, वायूला वाट मिळाली नाही. वहीत त्याने लिहिलं होतं : "सर, हे सगळं कोणीतरी एके काळी आजीकडून शिकत असेल ना?"

या एका वाक्यामुळे मी हे व्याख्यान तयार केलं. उत्तर आहे : हो, शिकत असत. आणि त्याचा पुरावा आपल्या तत्त्वज्ञानात आहे.

चार्वाकांचं मत तुम्हांला ढोबळपणे माहीत असेल. पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार भूतं खरी. चैतन्य म्हणून वेगळं काही नाही. भूतं एका विशिष्ट रीतीने एकत्र आली की त्यांतूनच जाणीव निर्माण होते. प्रतिपक्ष विचारतो : जे मातीत नाही, पाण्यात नाही, ते दोन्हींच्या मिश्रणात येईल कुठून? त्यावर चार्वाकांचं ठरलेलं उत्तर आहे, चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तही ते नोंदलेलं आहे. किण्व आणि इतर द्रव्यं एकत्र आली की त्यांत मद उत्पन्न करण्याची शक्ती येते, तशीच देहात जाणीव येते. सुट्या तांदळाने कुणी झिंगत नाही, सुट्या पाण्याने झिंगत नाही. एकत्र आले की झिंग येते.

आता याकडे जरा न्यायशास्त्राच्या डोळ्यांनी बघा. न्यायसूत्रांत दृष्टान्ताची व्याख्या दिली आहे. सामान्य माणूस आणि परीक्षक, दोघांचंही ज्याबद्दल एकमत असतं, तो दृष्टान्त. वाद ज्याबद्दल आहे ते बाजूला ठेवून, ज्याबद्दल वाद नाही असं उदाहरण द्यायचं. स्वयंपाकघरातला धूर आणि विस्तव हे त्याचं नेहमीचं उदाहरण. चार्वाकांनी किण्वाचा दृष्टान्त दिला, आणि प्रतिपक्षानेही 'किण्व म्हणजे काय?' असं विचारलं नाही. याचा अर्थ उघड आहे. चूल जितकी ओळखीची, तितकंच किण्व ओळखीचं होतं.

आज मी वर्गात हा दृष्टान्त देतो तेव्हा आधी किण्व समजावून सांगावं लागतं. म्हणजे तो आता दृष्टान्त राहिलेलाच नाही! दृष्टान्तच समजावून सांगावा लागला, की समजायचं समाजाच्या हातून काहीतरी सुटलं. आजच्या व्याख्यानात मला एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळी त्याची कारणमीमांसा.

किण्व म्हणजे काय? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षावर एक प्रकरण आहे. त्यातलं किण्व उडदाचं वाटण आणि तांदूळ यांत काही वनस्पती मिसळून केलेलं आहे. हेच विरजण. आजच्या भाषेत यीस्टची पुडी. पुढे कृती आहेत, मापांसकट. 'मेदक' नावाच्या पेयाला एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. एका द्रोणात सोळा प्रस्थ आणि अर्ध्या आढकात दोन, म्हणजे तांदळापेक्षा किण्व जास्त! दोन हजार वर्षांपूर्वीचं किटच म्हणा ना. आणि सुरा-किण्वाची सामग्री गोळा करणं, निवडणं हे काम स्त्रियांनी आणि मुलांनी करावं असं तिथे म्हटलं आहे. विद्यार्थ्याची आजी सापडली ती इथे.

पण माझ्या दृष्टीने त्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा नियम वेगळाच आहे. कौटिल्य मद्याच्या धंद्यावर कडक नियंत्रण ठेवतो, दुकानं कुठे असावीत, किती द्यावं, सगळं ठरवतो. सरकारी नसलेल्या मालावर शेकडा पाच शुल्क लावतो. आणि तरीही गृहस्थांना सूट देतो : घरच्या कार्यप्रसंगी पांढरी सुरा, औषधासाठी अरिष्ट घरी करायला परवानगी. उत्सव, यात्रा अशा प्रसंगी चार दिवसांची मोकळीक. महसुलावर इतकी नजर असलेला हा माणूससुद्धा घराच्या उंबरठ्यावर थांबतो.

आपल्या तालुक्यातही याची एक खूण आहे. फर्दापूरहून वर गेलं की अजिंठ्याची लेणी. पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी टोप्या घातलेली मंडळी हातात पेला घेऊन बसलेली रंगवली आहेत. वाकाटकांच्या काळातलं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं चित्र. ते कोण, इराणी की आणखी कोणी, यावर विद्वानांनी बरंच भांडून घेतलं आहे. मला त्यात पडायचं नाही. मद्य ही लपवण्याची गोष्ट असती तर बौद्ध लेण्याच्या छतावर तिला जागा मिळाली नसती, एवढंच म्हणतो. भिक्षूला मद्य वर्ज्य होतंच. वर्ज्य असणं आणि ठाऊक नसणं या दोन गोष्टी वेगळ्या.

मग घरातून हे गेलं कधी? इथे आपल्याच बोलीतले दोन शब्द उपयोगी पडतात. पहिला 'अबकारी'. मूळ फारसी, 'आब' म्हणजे पाणी. पाण्याचं काम, म्हणजे गाळण्याचं काम. दुसरा 'गुत्ता'. मराठवाड्यात आजही रस्त्याचं काम घेणारा गुत्तेदार असतो. गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. पण 'दारूचा गुत्ता' म्हटलं की आपल्याला दिसतं ते दुकान. ठेक्याचं नाव दुकानाला चिकटलं! ज्या जागी दारू मिळते ती जागा म्हणजे सरकारने कुणाला तरी लिलावात दिलेला हक्क, हा इतिहास त्या एका शब्दात साठलेला आहे.

आपलं सोयगाव डोंगराच्या खानदेशाकडच्या अंगाला. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या मुलखात, आणि पलीकडचं खानदेश १८१८ पासून इंग्रजांकडे. दोन सरकारं, दोन अबकाऱ्या. भाषा, कर, कायदे वेगळे. पण एका बाबतीत दोघांचं एकमत होतं. मोहाचं फूल आणि शिंदीची नीरा यांतून मिळणारा पैसा तिजोरीत यायला हवा. त्यासाठी घरात होणारं बंद व्हायला हवं. मुंबई इलाख्यात १८७८ सालचा अबकारी कायदा आला, गावोगावची लहान गाळणी मोडून मोठ्या भट्ट्यांकडे मक्ते गेले. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा झाला. फुलांचा! झाडाखाली पडलेलं फूल वेचून घरी साठवणं हा संशयाचा विषय झाला. ज्या आदिवासी घरात ते फूल अन्नही होतं, गुरांचा चाराही होतं आणि देवाचा नैवेद्यही होतं, त्या घराला काय वाटलं असेल याचा विचार करा. घरचं करता येत नाही, गुत्त्यावरचं मात्र विकत घ्यावं लागतं, आणि उधारीही तिथेच वाढते.

म्हणूनच १९२०च्या दशकात पालघरच्या किनाऱ्याकडून डोंगरात शिरलेली देवीची चळवळ मला फार महत्त्वाची वाटते. अंगात आलेली देवी सांगते, दारू सोडा. आणि दक्षिण गुजरातेत, खानदेशात हजारो आदिवासींनी ती सोडली. दारू विकणाऱ्या सावकाराची पकड त्यामुळे ढिली झाली. इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी यावर एक ग्रंथच लिहिला आहे. या लोकांनी दारूसोबत गुत्त्याला नकार दिला, हे विसरू नका.

आता किटचा जन्म पाहू. गंमत अशी, की त्याची वाढ झाली ती दारूबंदीत. अमेरिकेत १९२० ते १९३३ बंदी होती. मोठमोठ्या बिअर कंपन्या बसून काय करणार? त्यांनी माल्टच्या अर्काचे डबे काढले, हॉप्स घातलेलेसुद्धा, आणि ते किराणा दुकानांत पाव-बिस्किटं करण्यासाठी म्हणून विकले. कडवट बिस्किटं कोण खातं हे सगळ्यांना कळत होतं! बंदी उठली, घरी वाइन करायला परवानगी मिळाली, पण कायद्याच्या मसुद्यात बिअर राहून गेली. ती चूक दुरुस्त व्हायला ४५ वर्षं लागली. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोघं असतील तर २००. विकायचं मात्र नाही. इंग्लंडात १८८० साली ग्लॅडस्टन यांनी घरी बिअर करणाऱ्याला परवाना लावला, तो १९६३ साली रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढला. कार्टर आणि मॉडलिंग यांच्या सह्यांत मला कौटिल्याचा तो उंबरठा दिसतो. विकशील तर कर दे, घरच्यापुरतं करशील तर कर.

मध्ये विज्ञानाचंही एक पान आहे, ते थोडक्यात उलटतो. बव्हेरियाच्या १५१६ सालच्या प्रसिद्ध नियमात बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच असावं असं आहे. यीस्ट नाही! ते आहे हेच माहीत नव्हतं. १८५७ पासून लुई पाश्चर म्हणत होते, आंबणं हे सजीवांचं काम आहे; लीबिग म्हणत होते, ही निव्वळ रासायनिक कुजण्याची क्रिया. पाश्चरांनी १८७६ साली बिअरवर ग्रंथ लिहिला. १८८३ साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. आजची पुडी ही त्याचीच नात. आणि १८९७ साली बुखनर यांनी यीस्ट चिरडून, पेशी मारून, नुसत्या रसाने साखर आंबवून दाखवली. म्हणजे बघा, पाश्चर चार्वाकांच्या विरुद्ध साक्ष देतात, कारण किण्व स्वतःच जिवंत निघालं. आणि बुखनर पुन्हा चार्वाकांच्या बाजूने, कारण जीव गेला तरी शक्ती उरली. हा वाद मी निवृत्त झालो तरी मिटलेला नाही, मिटू नये.

आता परत घरी येऊ. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे, मुंबई राज्यात केलेला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि पुढे तो आपल्यालाही लागू झाला. त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ती बिअर का असेना. त्याच वेळी आपल्याच जिल्ह्यात वाळूजला राज्यातले मोठे बिअर कारखाने उभे आहेत. २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश द्यावा लागला, इतकं पाणी तिथे लागतं. पुण्यात २००९ पासून हॉटेलातल्या हॉटेलात ताजी बिअर करणाऱ्या छोट्या भट्ट्याही आल्या, रीतसर परवाना घेऊन.

आता भाषा बघा. लीड्सच्या स्वयंपाकघरात पिंपात आंबत असतं त्याला छंद म्हणतात. डोंगरातल्या नाल्याकाठी मडक्यात आंबत असतं, त्याला आपल्या वर्तमानपत्रात 'रसायन' म्हणतात : 'हातभट्टीवर धाड, रसायन नष्ट'. दोन्हीकडे यीस्ट साखर खाऊन तेच करतंय. फरक आहे, तो मी नाकारत नाही. हातभट्टीत आंबवून पुढे गाळतात, दारू तीव्र होते, आणि ती विकतात. पण विषाचा गोंधळ करू नका. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं दगावली, ती आंबवण्याने नव्हे. मेथॅनॉल हे कारखान्यात वापरायचं रसायन कुणीतरी दारू म्हणून विकलं, त्याने. पिणाऱ्याला पेल्यात काय आहे ते ओळखता येत नव्हतं. घरातलं ज्ञान गेलं की माणूस पूर्णपणे विकणाऱ्याच्या हातात जातो. यात सर्वांत आधी गरीब मरतो.

माझं म्हणणं तीन वाक्यांत सांगतो. आंबवण्याचं ज्ञान घराचं होतं. ते नीतीने नव्हे, महसुलाने घरातून काढलं. नीतीचं कारण बऱ्याचदा मागाहून जोडलं गेलं. आणि किट घेऊन धडपडणारा नवशिका स्वच्छता, धीर आणि मोजमाप या तीन गोष्टी शिकतो, तेव्हा तो एक हरवलेला दृष्टान्त पुन्हा कमावत असतो, मग तो प्यायला किंवा न प्यायला.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, मग आपल्याकडे घरी किट आणून करून बघायला काय हरकत आहे?

उत्तर : कायद्याची हरकत आहे, आणि ती मोठी आहे. मी इतिहास सांगितला, सल्ला दिलेला नाही. आंबणं समजून घ्यायचं असेल तर ज्वारीच्या पिठाची आंबील करा, इडलीचं पीठ लावा, हायड्रोमीटर नको, नाक पुरेल. कायदा बदलावा असं वाटत असेल तर ते उघडपणे मागा.

प्रश्न (एक भगिनी) : तुम्ही ज्ञान म्हणता. ज्या बाईचं घर दारूने बसलं, तिला हे ज्ञान काय कामाचं?

उत्तर : ताई, आजच्या प्रश्नांतला हा सर्वांत कठीण. तिला मी किट दाखवणार नाही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी १८८० साली दारूच्या दुकानांना परवाने देण्याविरुद्ध आवाज उठवला. त्यांचा रोख दुकानावर आणि दुकानातून कमावणाऱ्या सरकारावर होता. तुम्ही म्हणता त्या बाईचं घरही कुणीतरी विकलेल्या, कुणीतरी परवाना दिलेल्या बाटलीने बसलं. मी मघापासून ज्या उंबरठ्याबद्दल बोलतोय तो तिचाही आहे. आत काय यावं हे तिने ठरवायचं. म्हणून गावातल्या बायका मतदानाची मागणी करतात, उभी बाटली की आडवी बाटली, आणि पुरेशी मतं पडली तर दुकान बंद होतं, ही तरतूद मला या सगळ्या कायद्यांत सर्वांत शहाणी वाटते. तिथे पहिल्यांदा तिजोरीने घराला विचारलं. तुमच्या गावात असं मतदान झालंय का? नाही? मग त्याची माहिती मी देतो, कार्यक्रम संपल्यावर थांबा.